ड्रॅगन, नाग आणि माझं एक हेडिंग

पोस्ट मोठी आहे. जेवणं उरकल्यावर निवांत वाचा, पण वाचा. राजकारण आहे, पण कुठल्या पक्षाचं नाही, त्यामुळे खाली भांडायला यायची घाई करू नका.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडे एक नवा मुलगा काम शिकायला आलाय. हुशार आहे, कामाचा आळस नाही. सीमेवरच्या चर्चेची एजन्सीची बातमी त्याच्याकडे दिली. पंधरा मिनिटांत पानावर लावून आणली. हेडिंग : 'ड्रॅगनचे पुन्हा फूत्कार'. मी म्हटलं, "अरे, बातमीत ड्रॅगन कुठंय?" तर म्हणतो, "सर, चीन म्हणजे ड्रॅगनच ना? तुमच्याच जुन्या अंकातून उचललं."

काय बोलणार? खरंच होतं ते. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा ड्रॅगनला चपराक मारली, ड्रॅगनची शेपटी पिरगाळली, ड्रॅगनच्या तोंडचा घास काढला, त्याची मोजदाद नाही. 'चीन' दोन अक्षरी, 'ड्रॅगन' तीन. म्हणजे जागा वाचवायला म्हणून वापरतो म्हणावं तर तेही नाही. उगाच जोर यावा म्हणून.

पण त्यातलं एक हेडिंग माझ्या मानेवर बसलंय. ते आज सांगतो.

जून २०२०. गलवान. १५ जूनच्या रात्री आपले २० जवान गेले. दुसऱ्या दिवशी बातमी तुकड्यातुकड्यांनी येत राहिली. आधी तीन म्हणाले, रात्री उशिरा वीस झाले. कोरोनामुळे ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि पान लावणारा ऑपरेटर. दोघंही गप्प. डोळ्यांत पाणी, डोक्यात राग. मी आठ कॉलमी ओळ दिली : 'ड्रॅगनला ठेचा!' लाल अक्षरात. सकाळपासून फोन. "वा साहेब, काय हेडिंग!" कितीतरी जणांनी स्टेटसला ठेवलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

तिसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीवाल्याचा फोन आला. तुमच्यापैकी अनेकांना ती गाडी आठवत असेल. लाल पत्रा, त्यावर पिवळा ड्रॅगन, तोंडातून ज्वाळा. गावातल्याच पेंटरने कुठल्याशा टी-शर्टवरून उतरवलेला. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, येऊन बघता का जरा? कुणीतरी गाडीवर जळकं ऑइल ओतलंय."

गेलो. ड्रॅगनचं तोंड काळं केलं होतं आणि त्याच्या पोटावर खळीने आमच्या पेपरचं कात्रण चिकटवलं होतं. माझं हेडिंग.

मालक आपल्याच तालुक्यातला, तीन एकर कोरडवाहूचा धनी. कामाला नेपाळचा एक पोरगा, लॉकडाऊनमध्ये इथेच अडकलेला. वीस-एकवीसचा असेल. तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला होता. रात्री त्याच्या खोलीच्या दारावर लाथा घालून गेले होते पाच-सहा जण. 'ए ड्रॅगन, बाहेर ये' म्हणत. पोराने तक्रार केली नाही, रडला नाही. मला एवढंच विचारलं, "साहब, मैं नेपाल का हूँ, ये पेपर में छाप सकते हैं क्या?"

मी छापलं नाही. पानात जागा नाही असं स्वतःलाच सांगितलं. त्या दिवसांत जाहिराती बंद होत्या. पानात जागाच जागा होती.

पुढे गाड्या सुरू झाल्यावर पोरगा गेला, तो परत आला नाही. पत्रा निळा झाला, त्यावर आता 'साईकृपा फास्ट फूड' आहे. मंचुरियन तेच.

तेव्हापासून तो प्राणी माझ्या डोक्यात बसला. आपण ज्याला ठेचायला निघालो होतो, तो आहे तरी कोण? सवड मिळेल तसं वाचत गेलो. आणि वाचता वाचता माझीच मला लाज वाटायला लागली.

पहिली गोष्ट, तो ड्रॅगन नाहीच. चिनी लोक त्याला 'लुंग' म्हणतात. ड्रॅगन हे नाव युरोपातून तिकडे गेलेल्यांनी चिकटवलं, कारण त्यांच्या ओळखीचा त्यातल्या त्यात मिळताजुळता प्राणी तोच होता. युरोपचा ड्रॅगन म्हणजे गुहेत सोन्याच्या राशीवर बसणारा, पंख फडफडवणारा, आग ओकणारा राक्षस. गोष्टीच्या शेवटी कुणीतरी वीर किंवा संत येऊन त्याला भाल्याने मारतो. तो असतोच मुळी मारला जाण्यासाठी.

लुंगचं तसं नाही. तो पाण्यातला आहे. नदी, डोह, विहीर, समुद्र हे त्याचं घर, आणि ढग हे त्याचं वाहन. बहुतेक चित्रांत त्याला पंखच नसतात, तरी तो आभाळात पोहतो. साधारण इसवी सन १०० च्या सुमाराला शू शेन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांचा कोश केला. त्यात लुंगबद्दल नोंद आहे, तिचा अर्थ असा : हा खवलेवाल्या प्राण्यांचा मुख्य, लहान-मोठा होतो, दिसतो-लपतो, वसंतात दिवसरात्र समान होतात तेव्हा आभाळात चढतो आणि शरदात समान होतात तेव्हा खोल पाण्यात उतरतो.

कोरडवाहूवाल्याच्या पोराला यात काय दिसणार? मला तर पाऊसच दिसला. कधी येतो, कधी जातो, त्याचं कॅलेंडर.

त्याचं अंगही पाहा. हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाची नखं, वाघाचे पंजे, बैलाचे कान. ग्रंथागणिक यादी थोडीफार बदलते, पण कल्पना तीच, नऊ प्राण्यांचं घेऊन एक बनवलेला. आणि तो जुना किती? हनान प्रांतात पुयांग इथे १९८७ मध्ये एक कबर सापडली. माणसाच्या सांगाड्याच्या एका बाजूला शिंपले मांडून काढलेला वाघ, दुसऱ्या बाजूला तसाच लुंग. सहा हजार वर्षांपेक्षा जुनं काम. त्याआधी १९७१ मध्ये आतल्या मंगोलियात एका शेतकऱ्याला जमिनीत हिरव्या जेड दगडाचा वळलेला लुंग मिळाला, इंग्रजी सी अक्षरासारखा. तोही पाच हजार वर्षांच्या आसपासचा. शेतकऱ्याच्या हातूनच बाहेर आला, हे मला फार आवडलं.

कारण हा मुळात शेतकऱ्याचा देव. उत्तर चीनमध्ये पाऊस बेभरवशाचा आणि पिवळी नदी त्याहून बेभरवशाची. एक वर्ष घसा कोरडा, तर दुसऱ्या वर्षी गावंच्या गावं पाण्यात. म्हणून गावोगावी लुंगवांगची देवळं होती. वांग म्हणजे राजा. (आपलं वांगं नव्हे.) पाऊस मागायचा तो त्याच्याकडे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात तर पावसासाठी मातीचे लुंग कसे करायचे ते लिहून ठेवलंय. वसंतात हिरवे, उन्हाळ्यात लाल, शरदात पांढरे, थंडीत काळे.

आणि तरीही पाऊस नाहीच आला तर? मग गावकरी लुंगवांगची मूर्ती देवळातून उचलून भर उन्हात नेऊन ठेवत. बस इथे. आम्ही भाजतोय, तूही भाज. मग कळेल तुला.

वाचून मी एकटाच हसलो. आपण देव पाण्यात घालून बसतो, ते देव उन्हात घालून बसत. पण दोन्हीकडची जिद्द एकच, 'देवा, तुला कळेपर्यंत सोडणार नाही.' एवढ्या हक्काने माणूस राक्षसाशी बोलत नाही. घरच्याशीच बोलतो.

चिनी पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी लुंग डोकं वर काढतो अशी समजूत आहे. थंडी संपते, ढग गडगडायला लागतात, पेरणीची तयारी सुरू होते. त्या दिवशी न्हाव्याकडे रांगा लागतात. कारण नवीन वर्षाच्या पहिल्या महिन्यात केस कापले तर मामाला अपाय होतो म्हणे, म्हणून महिनाभर सगळे थांबलेले असतात. श्रावणात दाढी वाढवणाऱ्या आपल्या मित्रमंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट. ती मला सगळ्यात जास्त लागली.

बौद्ध धर्म इथून चीनमध्ये गेला तेव्हा ग्रंथांची चिनी भाषांतरं सुरू झाली. त्या ग्रंथांत जागोजागी नाग आहेत. तळ्यांचे राखणदार, पाऊस देणारे, बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग. या 'नाग' शब्दाला चिनीत काय लिहायचं? भाषांतरकारांनी लिहिलं, लुंग. नागराज म्हणजे लुंगवांग. समुद्राच्या तळाशी महालात राहणारा, दरबार भरवणारा लुंगांचा राजा हे जे रूप तिकडे लोकप्रिय झालं, त्यात आपल्या नागराजाचा मोठा वाटा आहे. नागार्जुन या आचार्यांचं चिनी नाव 'लुंगशू'. शू म्हणजे झाड. अर्जुनाचं झाड म्हणजे शू आणि नाग म्हणजे लुंग.

अजिंठा आपल्याकडून किती लांब? मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. १९ नंबरच्या लेण्याबाहेर बाजूच्या भिंतीत नागराजा आणि त्याची राणी बसलेली आहे. डोक्यामागे फण्यांचं छत्र, बसणं अगदी निवांत, जणू ओसरीवर बसलाय. याआधी तीन-चार वेळा त्याच्यासमोरून गेलो असेन, थांबलो नव्हतो. या वेळी थांबलो. शाळेत आपण ज्याचा धडा शिकलो तो युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. परत जाताना त्याने ग्रंथ नेले आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवलं. अशा माणसांच्या पोथ्यांतून आपला नाग तिकडे गेला आणि तिकडच्या लुंगशी त्याची सोयरीक झाली.

म्हणजे मी लाल अक्षरात ज्याला ठेचायला सांगितलं, तो आपल्या नागपंचमीच्या देवाचा सोयरा निघाला.

इथे कुणी म्हणेल, "म्हणजे चीनची बाजू घेता का?" थांबा. तिसरी गोष्ट तीच आहे.

शेतकऱ्याचा हा देव सत्तेने पळवला. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग साध्या घरातला. राजा झाल्यावर राजा असण्याला काहीतरी दैवी कारण लागतं. मग गोष्ट आली की तळ्याकाठी झोपलेल्या त्याच्या आईवर लुंग उतरला होता, त्यातून हा झाला. पुढे पुढे तर लुंग म्हणजे सम्राटच. त्याचं आसन लुंगासन, त्याचा झगा लुंगझगा. पाच नखांचा लुंग फक्त बादशाही घराण्याचा. युआन, मिंग, छिंग या राजवटींनी तसे हुकूम काढले. सामान्य माणसाने कपड्यावर, भांड्यावर पाच नखांचा लुंग काढला तर तो गुन्हा. सरदारांच्या झग्यावर चार नखांचा चाले, पण मग त्याला लुंग न म्हणता अजगर म्हणायचं. एक नख कमी झालं की देवाचा अजगर होतो, याला म्हणतात सरकारी कारभार.

छिंग बादशहाच्या झग्यावर नऊ लुंग असत. समोरून पाहिले तर पाच, मागून पाहिले तरी पाच, कारण खांद्यावरचे दोन दोन्हीकडून दिसतात. आणि नववा कुठे? पुढच्या पदराखाली आत दडवलेला. मला वाटतं, सगळ्या सत्तांचं हे असंच असतं. आठ दाखवायचे आणि एक पदराखाली ठेवायचा.

१९१२ मध्ये शेवटच्या बालसम्राटाने गादी सोडली आणि पिवळ्या झेंड्यावरचा लुंगही उतरला. पण प्राणी मोकळा झाला नाही. नवे मालक आले. १९७८ मध्ये अमेरिकेने तैवानशी संबंध तोडून बीजिंगला मान्यता द्यायचं जाहीर केलं, तेव्हा तैवानमधल्या हौ देज्यान नावाच्या तरुणाने एक गाणं लिहिलं, 'लुंगचे वारसदार'. दुखावलेल्या मनाचं गाणं. पाहता पाहता ते चिनी भाषिकांच्या तोंडी बसलं, मुख्य भूमीवरही. तिथल्या सत्तेला ते सोयीचं वाटलं, सगळे चिनी एकाच लुंगची लेकरं. हा गायक पुढे चीनमध्येच राहायला गेला.

आणि १९८९ च्या जूनमध्ये तोच माणूस थ्येनआनमन चौकात उपोषणाला बसलेला होता. ४ जूनच्या पहाटे सैन्याने चौक वेढल्यावर उरलेल्या विद्यार्थ्यांना जिवंत बाहेर जाऊ द्या म्हणून सैन्याशी बोलणी करायला जे गेले, त्यांत हौ देज्यान होता. पुढच्या वर्षी सरकारने त्याला तैवानला परत पाठवून दिलं. ज्याच्या गाण्याने लोक स्वतःला लुंगची लेकरं म्हणवायला लागले, त्यालाच बाहेरचा रस्ता.

आता सांगा, यातला 'ड्रॅगन' कोण? रणगाड्यांसमोर उभी राहिलेली पोरं, की रणगाडे पाठवणारे? आपल्या हेडिंगमध्ये दोघंही एकाच शब्दात जातात. एका बाजूला सरकार, सैन्य, पक्ष, दुसऱ्या बाजूला पाऊस मागणारा शेतकरी, आणि तिसऱ्या बाजूला आपल्या स्टँडवरचा नेपाळी पोरगा. सगळ्यांना मिळून एक ड्रॅगन. या घोटाळ्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला होतो? बीजिंगच्या सत्तेलाच. 'आम्ही म्हणजेच चीन, आमच्यावर टीका म्हणजे तुमच्या लुंगवर टीका', हे तिला आयतं सिद्ध करून मिळतं. २०२४ मध्ये लुंगचं वर्ष सुरू झालं तेव्हा तिथल्या सरकारी माध्यमांनी इंग्रजीत 'ड्रॅगन' सोडून 'लुंग' हाच शब्द वापरायला सुरुवात केली, आमचा प्राणी तुमच्यासारखा दुष्ट नाही म्हणून. मुद्दा बरोबर आहे. पण लुंगचं बारसं सरकारनेच करायचं, ही खोड जुनीच. त्या वर्षी तिथे सुमारे ९५ लाख बाळं जन्मली, आदल्या वर्षी ९० लाख होती. सात वर्षं घसरत चाललेला आकडा वर आला. शुभ वर्षी लेकरू व्हावं म्हणून थांबलेली जोडपी त्यात असणारच. सरकारने कितीही झगे शिवले तरी आईबापांच्या मनातला लुंग वेगळाच आहे.

आपल्याकडेही नावाचे खेळ कमी नाहीत. २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारने ड्रॅगन फ्रूटचं नाव 'कमलम' करायचं ठरवलं. ड्रॅगन म्हटलं की चीन आठवतो, असं कारण दिलं. आता हे फळ मुळात अमेरिका खंडातलं, निवडुंगाच्या जातीचं. त्याचा चीनशी संबंध नावापुरता. आपल्याकडे जत, सांगोल्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात शेतकरी ते लावतायत, कारण पाणी कमी लागतं. ज्याच्या नावाने कुणीतरी हजारो वर्षं पाऊस मागितला, त्याचं नाव घेऊन आमचा शेतकरी पाऊस नसलेल्या रानात पीक काढतोय. नाव काहीही ठेवा, भाव द्या म्हणजे झालं.

एक चिनी गोष्ट सांगतो आणि थांबतो. ये नावाच्या एका सरदाराला लुंगचं भारी वेड. भिंतीवर लुंग, खांबांवर लुंग, कट्यारीवर लुंग. आभाळातल्या खऱ्या लुंगला हे कळलं. त्याला वाटलं, चला, आपल्या भक्ताला भेटून येऊ. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं. ये साहेबांची भीतीने गाळण उडाली, वाट फुटेल तिकडे पळाले. त्यांना आवडत होतं ते चित्र.

आम्हा पेपरवाल्यांचं याच्या उलटं आहे. चित्राचाच राग येतो, चित्रावरच ऑइल ओततो. खरं समोर काय आहे ते बघायला खिडकीपर्यंत जायचे कष्ट घेत नाही. सीमेवर घुसखोरी झाली तर लिहा ना, कुणाच्या सैन्याने केली, कुठे केली, आपलं सरकार काय म्हणतं, काय म्हणत नाही. धरणं बांधतायत तर लिहा, कुठल्या नदीवर. स्वस्त मालाने आपला कारखाना बंद पडला तर मालाचं नाव लिहा, कामगारांची संख्या लिहा. राग असावाच. त्या वीस जवानांसाठीचा माझा राग आजही तसाच आहे. पण रागाला पत्ता लागतो. पत्ता चुकला की तो नेपाळी पोराच्या दारावर जातो.

त्या दिवशी नव्या मुलाने हेडिंग बदललं : 'सीमाप्रश्नी चर्चेत तोडगा नाहीच'. म्हणाला, "सर, जरा सपक वाटतंय." मी म्हटलं, "वाटू दे. खरं आहे ना?"

आणि एक छापायचं राहिलं होतं. स्टँडसमोरच्या गाडीवर काम करणारा तो मुलगा नेपाळचा होता. त्याने मला तसं छापायला सांगितलं होतं. कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर इथे नाव-नंबर टाकू नका, मला सरळ फोन करा. मला त्याची माफी मागायची आहे.